प्रज्ञावंत मुलासाठी शाळेकडे काय मागायचं?

महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांत चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये एक भिंत असते. चौथीपर्यंत प्राथमिक विभाग, पाचवीपासून माध्यमिक. मजला बदलतो, मुख्याध्यापक बदलतात, कधी सकाळची शाळा दुपारची होते. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीला प्राथमिकात आणि सहावी ते आठवीला उच्च प्राथमिकात बसवलं, २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवी हाच मधला टप्पा मानला. तरी ठाणे पूर्वेला कोपरीतल्या घरांत ‘आता हायस्कूलला गेला’ असं म्हणतात ते पाचवीच्या जूनमध्येच. एका बाजूला चेंदणी कोळीवाडा, दुसरीकडे फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती, मधे चाळी आणि नव्या इमारती अशा या भागातली पुष्कळ मुलं याच वयात पहिल्यांदा स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेच्या शाळेत जाऊ लागतात.

या बदलातला सगळ्यांत मोठा भाग नजरेत भरत नाही. चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. कोणतं मूल गणितं दहा मिनिटांत संपवून खिडकीबाहेर बघत बसतं, कोणाला कपाटातलं जादा पुस्तक दिलं की ते शांत होतं, हे त्यांना ठाऊक असतं. पाचवीपासून दर तासिकेला नवा शिक्षक येतो. गणिताच्या सरांना पन्नास-साठ चेहऱ्यांतून हे मूल ओळखायला दिवाळी उजाडते. तोवर त्या मुलाने एक तर गप्प बसायला शिकून घेतलेलं असतं, नाही तर ‘फार प्रश्न विचारतो’, ‘बाकीच्यांना बोलू देत नाही’ असा शेरा कमावलेला असतो. बाईंना चार वर्षांत जे कळलं ते पुढच्या मजल्यावर पोचवण्याची व्यवस्था आपल्याकडे जवळपास नाही. पालकांना काही करायचं असेल तर ते याच सांध्यावर करावं लागतं.

आधी मूल कोणतं, ते पाहू. वर्गात पहिलं येणारं प्रत्येक मूल प्रज्ञावंत नसतं आणि प्रत्येक प्रज्ञावंत मूल पहिलं येत नाही. नीटनेटकी वही, वेळेवर अभ्यास, सांगितलेलं सगळं पाठ हे हुशार आणि मेहनती मुलाचं लक्षण. प्रज्ञावंत मूल पुष्कळदा वेगळ्याच पद्धतीने उत्तरापर्यंत जातं, पायऱ्या लिहायचा कंटाळा करतं, एकाच विषयात महिनोन्महिने बुडून राहतं आणि एकदा कळलेली गोष्ट दहादा लिहायला सांगितली की बिथरतं. बुद्ध्यंकाच्या चाचण्यांत सरासरी १०० धरली जाते आणि १३०च्या वर साधारण दोन टक्के मुलं असतात. म्हणजे पन्नासच्या वर्गात सरासरी एक. कोपरीतल्या प्रत्येक शाळेत अशी काही मुलं आज बसलेली आहेत, मग त्यांना कोणी तसं म्हणो वा न म्हणो.

या चाचण्या केवळ परदेशी आहेत हा समज बरोबर नाही. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रेड बिने यांनी पहिली बुद्धिमापन चाचणी केली ती मागे पडणारी मुलं शोधून त्यांना मदत करता यावी म्हणून. तेव्हाच्या मुंबई प्रांतात, धारवाडला, डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात ती मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही वापरात आहे. नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेश्लरच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९ मध्ये सिद्ध केलं. चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्यावी. मोबाइलवरच्या पंधरा मिनिटांच्या ‘आयक्यू’ला काही अर्थ नाही. पण चाचणी नसेल तर अडतं का? माझ्या मते बहुतेक वेळा नाही. शाळा आकड्यावर फारसं काही करत नाही आणि घरात मात्र तो आकडा मुलाच्या डोक्यावर बसतो. मुलाच्या कामगिरीत मोठी विसंगती दिसत असेल तेव्हा चाचणी खरी उपयोगी. त्याबद्दल पुढे सांगतो.

प्रज्ञावंत मुलांसाठी काय करता येतं याचं सगळ्यांत जुनं आणि ठोस उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्यात अप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ मध्ये प्रबोधिनीची प्रशाला उभी राहिली, पाचवी ते दहावीची. सुरुवात पाचवीपासून, म्हणजे याच सांध्यावर. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बुद्धी ही एकच एक शक्ती नसून अनेक वेगवेगळ्या क्षमतांचा समूह आहे असं मांडलं होतं. त्या मांडणीवर आधारलेल्या चाचण्या प्रबोधिनीने मराठी मुलांसाठी तयार केल्या, डॉ. उषा खिरे यांचं काम त्यात मोलाचं आहे. मुलं निवडून प्रबोधिनी थांबली नाही. प्रकल्प, सहली, मोहिमा, गावांत जाऊन काम, स्वतः विषय निवडून केलेला अभ्यास हे सगळं तिथे वेळापत्रकाचाच भाग झालं. बुद्धी समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे हा अप्पांचा आग्रह त्यामागे होता.

पण कोपरीतून रोज पुण्याला शाळेत जाता येत नाही. सहावीपासूनचं जवाहर नवोदय विद्यालय निवासी आहे, जिल्ह्याला साधारण एक, आणि तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आहेत. ते योग्यच आहे, पण म्हणून शहरातल्या मुलाला तो मार्ग अरुंद आहे. तेव्हा जवळच्या, साध्या, अनुदानित किंवा विनाअनुदानित शाळेतच काय होऊ शकतं, हा खरा प्रश्न.

कायदा काय म्हणतो ते आधी स्पष्ट सांगतो. अपंग मुलासाठी शाळेने सोयी करून देणं बंधनकारक आहे. निव्वळ प्रज्ञावंत मुलासाठी तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अमुक कलमाखाली माझ्या मुलीला वेगळा अभ्यासक्रम द्या, असा दावा टिकणार नाही. मात्र हात अगदीच रिकामे नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्यानुसार गरज असेल तर जादा अध्यापन करणं हे त्यातलं एक. ‘प्रत्येक’ म्हणजे मागे पडलेलंच नव्हे. कलम २९ अभ्यासक्रमाकडून मुलाचं ज्ञान, क्षमता आणि प्रतिभा वाढवण्याची अपेक्षा करतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत: शाळेत विषयवार मंडळं असावीत, शिक्षकांनी अशा मुलांना जादा वाचन आणि मार्गदर्शन द्यावं, बी.एड.मध्ये या विषयाचा विशेष अभ्यास करता यावा. या आधारांचा उपयोग भांडायला नाही, मुख्याध्यापकांशी बोलायला बसताना आहे. आपण काही जगावेगळं मागत नाही, एवढं त्यातून ठरतं.

आता मागायचं काय? मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे: जादा काम मागू नका, बदली काम मागा.

शाळेला एखादं मूल पुढे आहे हे पटलं की तिची पहिली प्रतिक्रिया असते, ‘मग त्याला आणखी वीस गणितं देऊ’. दुसरी असते, ‘त्याचं झालं की तो बाकीच्यांना शिकवेल’. दोन्ही गोष्टी चांगल्या मनाने होतात आणि दोन्ही मुलावर अन्याय करतात. जे येतं तेच वीसदा अधिक करणं ही लवकर संपवल्याची शिक्षा आहे. मूल दोन आठवड्यांत हळू काम करायला शिकतं. मित्राला कधी तरी समजावणं छान, पण रोज छोटा मास्तर होऊन बसणं हे दहा वर्षांच्या मुलाचं काम नाही. त्याने त्याचं शिकणं थांबतं आणि वर्गातली मैत्रीही तुटते.

बदली काम म्हणजे असं. अमेरिकेत जोसेफ रेन्झुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेली ही पद्धत साधी आहे. धडा सुरू होण्याआधीच त्याची चाचणी मुलाला द्यायची. त्याला धड्यातलं बहुतेक सगळं येत असेल तर जे येत नाही तेवढंच शिकवायचं, आणि वाचलेल्या तासिकांत त्याच विषयातलं खोल किंवा पुढचं काम द्यायचं. समजा पाचवीत अपूर्णांकांच्या धड्याला दहा तासिका आहेत. मुलीला समच्छेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पक्की येते, भिन्नच्छेदांत ती अडखळते. तर तिने त्या अडखळण्याच्या दोन-तीन तासिका वर्गाबरोबर कराव्यात आणि उरलेल्या वेळात, दशांशात लिहिल्यावर कोणते अपूर्णांक संपतात आणि कोणते आवर्ती होतात, याचा तक्ता करून नियम शोधावा. छेद २ आणि ५ यांच्याच गुणाकारांतून बनलेला असला की दशांश संपतो, हे तिचं तिला सापडू शकतं. यासाठी वेगळे शिक्षक नकोत, वेगळी खोली नको. मागचा बाक आणि एक वही पुरते.

‘पण मूल्यमापनाचं काय?’ हा प्रश्न शिक्षक विचारतील आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या राज्याच्या पद्धतीतच आहे, आणि फार थोडे पालक ते वापरतात. २०१० पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात संकलित मूल्यमापन म्हणजे सत्राअखेरची परीक्षा; आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभर चालणारं. पाचवी-सहावीला आकारिकाचा वाटा ५० टक्के ठेवला गेला, सातवी-आठवीला ४० टक्के. त्याची साधनंही ठरलेली आहेत: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. कोणत्या मुलाला कोणता प्रकल्प आणि कोणता स्वाध्याय द्यायचा, हे शिक्षक ठरवू शकतात. २०२३ च्या बदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आणि तिचं दडपण वाढलं, हे खरं. तरीही वर्षभराच्या कामात शिक्षकाचा हात मोकळा आहे. आवर्ती दशांशांची ती वही हाच प्रकल्प म्हणून धरता येतो. त्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागत नाही.

आणखी एक जागा आहे, प्रगतिपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदी. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक अशा तीन रकान्यांत बहुधा ‘वाचन करतो’, ‘चित्रे काढतो’, ‘अक्षर सुधारावे’ एवढंच असतं. चौथीच्या बाईंना मार्च-एप्रिलमध्ये भेटून विनंती करावी की तिथे ठोस लिहा: ‘सहावीपर्यंतची गणितं स्वतः सोडवते’, ‘पक्ष्यांच्या नोंदी वर्षभर ठेवल्या’. शाळेचा कागद शाळेत वजन धरतो. पालकांनी सांगितलेलं कौतुक वाटतं, बाईंनी लिहिलेलं निरीक्षण ठरतं.

मग जूनमध्ये, शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की, वर्गशिक्षकांची वेळ मागून भेटावं. पहिल्या दिवशी नको. त्या दिवसांत ते वह्या, पुस्तकं आणि हजेरीपट यांत बुडालेले असतात. थेट मुख्याध्यापकांकडेही नको, वर्गशिक्षक दुखावतात. सोबत एका पानाचं पत्र असावं. त्यात मुलाची स्तुती नको. काय येतं त्याचे दोन-तीन नमुने, काय येत नाही तेही प्रामाणिकपणे, आणि मागणी एकाच विषयापुरती, एकाच सत्रापुरती. ‘गणितात दिवाळीपर्यंत धड्याआधी चाचणी घेऊन पाहावी, येत असलेल्या भागाच्या तासिकांत तिला वेगळं काम करू द्यावं, ते काम आम्ही पुरवू आणि तुम्हाला दाखवू’ एवढं पुरे. सत्र संपल्यावर पुन्हा बसायचं. जमलं तर पुढे, नाही तर बदल. साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला ‘माझं मूल खास आहे’ हे ऐकवलं की तो मिटतो. ‘एवढं करून पाहूया का, सर?’ म्हटलं की बहुतेक जण तयार होतात. कारण मागच्या बाकावर काही न करता बसलेलं तल्लख मूल त्यांनाही त्रासदायकच असतं.

कामाचं साहित्य घरून देणं सोपं आहे. बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं विनामूल्य उतरवून घेता येतात, पुढच्या इयत्तेची पूर्वचाचणी त्यातूनच बनते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञान खेळणी आणि पुस्तकं, मराठीतलीसुद्धा, मोफत आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ‘विज्ञान प्रतिभा’ उपक्रमात आठवी ते दहावीसाठी कृतिपाठ तयार करतं. पुढे धावणाऱ्या सहावी-सातवीच्या मुलाला त्यातले काही पेलतात.

इयत्ताच ओलांडावी का? आजोबांच्या पिढीत ‘डबल प्रमोशन’ हा शब्द घरोघरी होता. आता वयानुरूप वर्गाचं तत्त्व आहे, नोंदणी वयाशी जोडलेली आहे, त्यामुळे ते क्वचितच घडतं. संशोधन मात्र अशा उडीच्या विरोधात नाही. अमेरिकेत ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ पासून गणितात असामान्य मुलांचा पाठपुरावा केला. २००४ मध्ये आयोवा विद्यापीठातून निघालेल्या अहवालाने पन्नास वर्षांचं संशोधन तपासून सांगितलं की नीट पारख करून पुढे नेलेल्या मुलांचं अभ्यासात भलं होतं आणि मनावरही वाईट परिणाम होत नाही. तरी आपल्या परिस्थितीत मला एका विषयापुरतं पुढे जाणं अधिक शहाणपणाचं वाटतं. टेरेन्स टाओ हा ऑस्ट्रेलियातला मुलगा आठ वर्षांचा असताना दिवसाचा काही भाग हायस्कूलमध्ये गणित शिकायचा आणि बाकीचा वेळ प्राथमिक शाळेत आपल्या वयाच्या मुलांत असायचा. १९८८ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचं सुवर्णपदक मिळवलं. पूर्ण वेळ विद्यापीठात पाठवायला मात्र आईवडील चौदाव्या वर्षापर्यंत थांबले, त्याआधी शक्य असूनही. २००६ मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं. आपल्या शाळेत पाचवीची आणि सातवीची गणिताची तासिका एकाच वेळी ठेवली, तर हे आठवड्यातून दोनदा तरी करून पाहता येईल. वेळापत्रक करणाऱ्या पर्यवेक्षकांशी मे महिन्यातच बोलावं लागेल, इतकंच.

शाळाच सोडण्याचा मार्गही मराठी घरांनी पाहिला आहे. मुंबईची मालविका राज जोशी सातवीत शाळेबाहेर पडली, घरी शिकली, संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसताना २०१६ मध्ये सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीत दाखल झाली. ते यश थोर आहे. पण त्यासाठी घरातलं एक माणूस वर्षानुवर्षं पूर्ण वेळ मोकळं लागतं. सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या आईबापांना तो सल्ला देणं बरं नाही.

आता ती विसंगती. काही मुलं बोलायला लागली की शिक्षक थक्क होतात, आणि त्यांचीच वही पाहिली की अर्धं वाक्य, उलटीसुलटी अक्षरं, फळ्यावरचं अपुरं उतरवलेलं. ‘येतंय सगळं, आळशी आहे’ हा शेरा इथे हमखास पडतो आणि तो बहुधा चुकीचा असतो. प्रज्ञा आणि अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकतात. बुद्धी अक्षमता झाकते, अक्षमता बुद्धी झाकते आणि मूल सरासरी दिसत राहतं. पाचवीत लिखाणाचा भार एकदम वाढतो तेव्हा हे उघडं पडतं. अशा वेळी मूल्यमापन टाळू नये. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेसाठी स्वतंत्र विभाग आहे, ठाण्याहून थेट लोकलने जाता येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे, त्यामुळे इथे मागणी विनंतीची राहत नाही, हक्काची होते: जादा वेळ, लेखनिक, तोंडी उत्तरं. आणि मुलाला आधार द्यायचा म्हणून त्याचं पुढचं काम काढून घ्यायचं नाही. दोन्ही एकदम चालली पाहिजेत.

स्पर्धापरीक्षांबद्दल थोडक्यात. शिष्यवृत्ती परीक्षा आणि सहावी व नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा या चांगल्या परीक्षा आहेत. होमी भाभामध्ये प्रात्यक्षिक आणि कृतिसंशोधन प्रकल्प असतो म्हणून ती मला विशेष आवडते. पण परीक्षेला बसवणं म्हणजे शाळेत सोय होणं नव्हे. क्लासमध्ये रात्री आठपर्यंत जुने पेपर सोडवणारं मूल दुसऱ्या दिवशी शाळेत तितकंच कंटाळलेलं असतं, शिवाय दमलेलंही.

शाळेबाहेर कोपरीच्या मुलाला नशिबाने खूप काही आहे. स्टेशनपलीकडे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. दहा वर्षांच्या वाचणाऱ्या मुलाला तिथलं सभासदत्व ही मोठी भेट. खाडी पायाखाली आहे, आणि पलीकडे ऐरोलीला सागरी जैवविविधता केंद्र आहे, हिवाळ्यात रोहित पक्षी आहेत. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम कर्जतच्या लोकलने गाठता येतात. अशा ठिकाणी मुलाला आपल्यासारखी दुसरी माणसं भेटतात, कधी चौदा वर्षांची, कधी चाळिशीतली. वर्गात डायनोसॉरवर किंवा मूळ संख्यांवर बोलायला कोणी नाही म्हणून खट्टू झालेल्या मुलाला ही सोबत फार लागते. एकटेपणा, चिडचिड, चुकण्याची भीती वाढली तर समुपदेशकाकडे जायला संकोच नको. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था ठाण्यातच आहे.

शिक्षकांना एक विनंती. येत्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गावर पहिल्यांदा जाल तेव्हा गणिताच्या पहिल्या धड्याआधी सगळ्या वर्गाला वीस मिनिटांची एक चाचणी द्या, शिकवण्याआधीच. ज्यांना सगळं येतं त्यांची नावं बाजूला लिहून ठेवा आणि त्यांच्यासाठी त्या आठवड्यात एक तरी वेगळा प्रश्न तयार ठेवा. पालकांनी चौथीच्या बाईंना भेटायचं राहिलं असेल तर अजून वेळ आहे. प्रगतिपत्रकं भरायच्या आधी जा.